शेजाऱ्याने फाटक लावलं तर? प्रादेशिक अन्नसुरक्षा आणि पोषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्नसुरक्षा म्हणजे कोठारं भरलेली असणं, एवढंच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. १९९६ साली रोमला जागतिक अन्न परिषद झाली, तिथे ठरलेली व्याख्या अजून सगळे वापरतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर चार गोष्टी बघायच्या: अन्न आहे का, ते घ्यायची लोकांची ऐपत आहे का, खाल्लेलं अंगी लागतंय का, आणि हे सगळं बारा महिने टिकतंय का. यातली एक जरी ढासळली तरी माणूस उपाशी राहतो, मग कोठार कितीही भरलेलं असो.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ आठवा. अमर्त्य सेन यांनी नंतर आकडे तपासून दाखवलं की त्या वर्षी बंगालमधला तांदळाचा पुरवठा १९४१ पेक्षा जास्तच होता, आणि १९४१ ला काही दुष्काळ पडला नव्हता. तरी २० ते ३० लाख माणसं गेली, कारण युद्धामुळे भाव चढले आणि शेतमजूर, मच्छीमार, छोटे कारागीर यांच्या हातातल्या पैशात तेवढा तांदूळ येईनासा झाला. म्हणजे तांदूळ होता, पण तो यांच्या वाट्याचा राहिला नाही.

"प्रादेशिक" म्हणजे नक्की काय? जिल्हा, राज्य, की देश?

इथे आपण शेजारशेजारच्या देशांच्या गटाबद्दल बोलतोय. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, पश्चिम आफ्रिका, आफ्रिकेचं दक्षिण टोक असे. पाऊस, नदी, टोळधाड, गुरांचे रोग आणि बाजारभाव यातलं कोणीच सीमेवर थांबून पासपोर्ट दाखवत नाही, म्हणून.

प्रत्येक देशाने आपापलं बघितलं तर काय बिघडतं?

याचं उत्तर जरा लांबलचक आहे पण मुद्दा इथेच आहे म्हणून सविस्तर सांगतो.

२००७-०८ ला तांदळाचं काय झालं ते बघा. जगात तांदूळ कमी पडला होता का? फारसा नाही. पण गहू आणि मका महाग झाले, तेल महाग झालं, त्यामुळे सगळेच घाबरले. भारताने २००७ च्या अखेरीस साध्या तांदळाच्या निर्यातीवर बंधनं आणली, व्हिएतनामने हात आखडता घेतला, ते बघून फिलिपिन्सने मिळेल त्या भावाने मोठमोठ्या खरेद्या सुरू केल्या, ते बघून व्यापाऱ्यांनी माल दाबला, ते बघून घरोघरी लोकांनी दोन पोती जास्तीची भरली. तांदळात अडचण अशी की जगात जेवढा पिकतो त्यातला अगदी थोडा, तेव्हा साधारण ७ टक्के, देशाबाहेर विकला जायचा. एवढ्याशा बाजारात दोन मोठ्यांनी दार लावलं की भडका उडणारच. थायलंडचा तांदूळ काही महिन्यांत जवळपास तिप्पट महाग झाला आणि २००८ च्या उन्हाळ्यात टनाला १००० डॉलरच्या वर गेला.

आता गंमत बघा. जपानकडे व्यापार करारामुळे घ्यावा लागलेला आयात तांदूळ गोदामात पडून होता, त्यांच्या लोकांना तो फारसा नको होता. हा साठा फिलिपिन्सला देऊ अशी नुसती बातमी आली आणि तांदूळ बोटीवर चढायच्या आधीच भाव उतरायला लागले. टंचाई धान्याची कमी आणि भरवशाची जास्त होती, हे एवढ्यावरून कळतं.

त्यातून आपण सगळे शिकलो म्हणावं तर तसंही नाही. २०२३ च्या जुलैत भारताने पुन्हा बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. जगाच्या तांदूळ व्यापारात ४० टक्क्यांच्या आसपास वाटा असलेला देश असं करतो तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या शहरात ताटातला भात कमी होतो. मी याला सरळ चूक म्हणणार नाही, निवडून आलेल्या सरकारला आधी घरचे भाव दिसतात, ते तसंच असणार. म्हणून तर नियम शांत काळात करून ठेवायचे असतात, भाव पेटल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

मग सगळ्यांनी मिळून एक मोठं सामाईक कोठार बांधलं की झालं?

कल्पना सगळ्यांना आवडते. प्रत्यक्षात एकच मोठं कोठार जवळपास कुठेच नसतं, असतो तो कागदावरचा शब्द: "माझ्या साठ्यातला इतका माल तुझ्यासाठी राखून ठेवतो". तीन नमुने सांगतो.

आग्नेय आशियातले तेव्हाचे १० आसियान देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया यांचा २०११ चा करार आहे, तांदळाचा आपत्कालीन साठा. एकूण ७ लाख ८७ हजार टन राखीव. त्यात आसियानचे मिळून ८७ हजार, चीन ३ लाख, जपान अडीच लाख, कोरिया दीड लाख. हा माल ज्याच्या त्याच्या गोदामातच असतो, कार्यालय बँकॉकला आहे. वादळ, पूर आला की त्यातून तांदूळ निघतो, आणि तो निघतो म्हणूनच मी याला बऱ्यापैकी मार्क देतो. पण एवढा साठा त्या भागाला फार दिवस पुरणारा नाही हेही लक्षात घ्या, तो सुरुवातीच्या धक्क्यासाठी आहे.

दुसरा सार्कचा. १९८८ पासून एक राखीव साठा होता, तो कोणी वापरला नाही म्हणून २००७ ला त्याची अन्न बँक केली, ती पण कित्येक वर्षं कोणी वापरली नाही. आठ देश, जगातल्या कुपोषित मुलांचा मोठा हिस्सा याच भागात, आणि बँकेतून पोतं हलत नाही! कारण काय तर भाव कोणी ठरवायचा, वाहतूक कोणी करायची हे दर वेळी दोन सरकारांनी बसून ठरवायचं, आणि दोन सरकारं बसायला तयार असतील तर मुळात बँकेची गरज कशाला.

तिसरा पश्चिम आफ्रिकेचा, म्हणजे तिथल्या देशांच्या एकोवास या गटाचा, २०१३ मधला. मला यातली रचना सगळ्यात शहाणपणाची वाटते. एक तृतीयांश धान्य, दोन तृतीयांश पैसा असं त्यांनी ठरवलं, कारण धान्य सडतं आणि पैसा सडत नाही (घटतो, तो वेगळा भाग). शिवाय पायऱ्या लावल्या: आधी गावाचा साठा, तो संपला की देशाचा, मग प्रदेशाचा, आणि सगळ्यात शेवटी जगाची मदत. पण माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तीन देश जानेवारी २०२५ मध्ये एकोवासमधूनच बाहेर पडले, आणि भूक नेमकी त्याच पट्ट्यात जास्त. साठ्याची रचना चांगली असली तरी त्याखालचं राजकारण हललं की सगळं हलतं.

राखीव साठा किती ठेवावा?

ठरलेला असा एक आकडा नाही. जास्त ठेवला तर भाडं, कीड, बुरशी आणि चोरी, कमी ठेवला तर नाचक्की. दर काही महिन्यांनी जुना माल बाहेर काढून नवा भरावा लागतो, हे ज्यांनी कधी गोदाम बघितलंच नाही ते विसरतात.

मलावीचं उदाहरण नेहमी देतात. २००१ च्या आसपास साठ्याचा खर्च झेपत नाही, कर्ज झालंय, तर तो कमी करा असा सल्ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दिला. कमी करा म्हटलं होतं, विकला गेला जवळजवळ सगळाच, लगेच पुढचं पीक हातचं गेलं आणि २००२ ला लोक भुकेने मेले. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजू वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. माझं म्हणणं इतकंच की साठा विकायचा निर्णय आणि पुढच्या हंगामाचा अंदाज हे दोन कागद एकाच टेबलावर असायला हवे होते.

दुष्काळ येणार हे आधी कळत नाही का?

कळतं. चांगलं कळतं. १९८५ पासून फ्यूज नेट नावाची यंत्रणा आहे, उपग्रहावरून पाऊस आणि हिरवळ बघते, बाजारभाव बघते. पॅसिफिकचं पाणी तापायला लागलं की एल निनोचा अंदाज काही महिने आधी येतो. २०२३-२४ ला आफ्रिकेच्या दक्षिणेत तसंच झालं, पीक ऐन दाणे भरायच्या वेळेला वाळलं, झांबिया, मलावी, झिम्बाब्वे एकामागोमाग एक राष्ट्रीय आपत्ती जाहीर करत गेले.

अडतं ते कळण्यात नाही, हलण्यात. सोमालियाचं २०११ चं वाचून अजून चिडचिड होते. इशारे २०१० च्या ऑगस्टपासून येत होते. दुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ ला, आणि पैशाची खरी धार त्यानंतर लागली. नंतरच्या अभ्यासात अंदाज आला की सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे तर जाहीर व्हायच्या आधीच झालेले. म्हणून आता काही ठिकाणी आधीच ठरवून टाकतात: पाऊस अमुक तारखेपर्यंत अमुक मिलिमीटरच्या खाली राहिला तर पैसे आपोआप सुटतील, मीटिंग नाही, फोटोची वाट बघणं नाही. हे पसरायला हवं.

बातम्यांत "टप्पा ३", "टप्पा ५" म्हणतात ते काय?

आयपीसी नावाची भुकेची मोजपट्टी आहे, २००४ ला सोमालियात सुरू झाली. १ म्हणजे ठीक, ३ म्हणजे संकट (लोक गुरं, भांडी विकून खायला लागलेत), ५ म्हणजे दुष्काळ. एखाद्या भागाला ५ म्हणायचं तर २० टक्के घरांत अन्नाचा पूर्ण खडखडाट, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि दर १० हजारांत रोज दोन मृत्यू असं सगळं दिसावं लागतं. पश्चिम आफ्रिकेत याच्याच जवळपासची वेगळी पद्धत आहे, पण आकडे जुळवून घेता येतात. टप्पा ३ लाच जागं व्हायचं असतं, ५ ची वाट बघायची नसते.

धान्य पुरेसं झालं की पोषण आपोआप येईलच ना?

हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. पोट भरलेलं आणि अंगात काही नाही असं होतं, आणि खूप लोकांचं होतं. संयुक्त राष्ट्रांचा २०२५ चा अहवाल काढा: २०२४ मध्ये उपाशी लोक साधारण ६७ कोटी, पण ज्यांना सकस आहार परवडतच नाही ते सुमारे २६० कोटी. म्हणजे भुकेच्या जवळपास चौपट. मधली ही सगळी माणसं भात, मका, पाव असं काहीतरी खाऊन पोट भरतायत, पण डाळ, भाजी, फळ, अंडं, दूध, मासे ताटात येत नाहीत. लोह कमी, जस्त कमी, अ जीवनसत्त्व कमी, आयोडीन कमी. बाहेरून काही दिसत नाही म्हणून याला छुपी भूक म्हणतात.

मुलांचं बघायचं तर आई गरोदर राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे १००० दिवस. या काळात उंची खुंटली तर नंतर कितीही खाऊ घाला, ती बरीचशी भरून येत नाही. २०२४ ला जगात पाच वर्षांखालची १५ कोटी मुलं अशी वयाच्या मानाने बुटकी होती. आणि याला फक्त जेवण जबाबदार नाही हं. घाण पाणी, सतत जुलाब, आईला विश्रांती नाही, पाठोपाठ बाळंतपणं, हे सगळं त्यात येतं. मघाशी "अंगी लागणं" म्हटलं ते हेच, चमचाभर पेज पोटात गेली आणि जुलाबात निघून गेली तर अन्नसुरक्षेच्या कागदावर ती खाल्लेली दिसते पण मुलाला मिळालेली नसते.

यात धोरणाची चूक कुठे होते सांगू? सगळा पैसा, सगळं संशोधन, सगळी हमी दोन-तीन धान्यांना. तांदूळ, गहू, मका एवढ्या तिघांवर माणसाच्या निम्म्याच्या आसपास कॅलरी उभ्या आहेत. साहजिकच तेच स्वस्त, बाकी महाग. प्रादेशिक करार होतात तेसुद्धा तांदळाचे आणि मक्याचे. डाळींचा राखीव साठा, सुक्या मासळीचा विनाअडथळा व्यापार यावर कोणी शिखर परिषद घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मग मिठात आयोडीन, पिठात लोह घालून भागणार नाही का?

आयोडीनयुक्त मिठाने कमाल केली, यात वाद नाही, कारण मीठ सगळेच खातात आणि थोड्याच ठिकाणी तयार होतं. पिठाचं तसं नाही. जो स्वतःचं धान्य गावातच दळून खातो त्याच्यापर्यंत गिरणीत मिसळलेलं लोह पोचतच नाही, आणि तोच सगळ्यात गरीब असतो.

म्हणून दुसरी वाट, पिकातच पोषण आणायचं. केशरी गराचं रताळं यात सगळ्यात गाजलं, आफ्रिकेत पांढरं रताळं खायचे, त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नाही, केशरीत भरपूर. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार या रताळ्यावर आणि एकूणच अशा पोषक वाणांवर काम करणाऱ्या चौघांना मिळाला. हे काम मोझांबिक आणि युगांडात झालं आणि वेली इतर आफ्रिकी देशांत गेल्या, प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते असं असावं. शेजारच्या देशांनी मिळून पीठ, तेल, मीठ यांचं एकच प्रमाण ठरवलं तरी खूप काम होतं, नाहीतर एका बाजूची पिशवी दुसऱ्या बाजूला "नियमात बसत नाही" म्हणून अडकते.

मूल कुपोषित आहे हे मोजायला डॉक्टरच लागतो का?

नाही. दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण, लगेच दवाखाना. ११.५ ते १२.५ पिवळा. आईलाही शिकवता येते, पाच मिनिटांत.

पिकतं ते टिकत का नाही?

कापणीपासून दुकानापर्यंत जगातलं १३-१४ टक्के अन्न वाया जातं असा एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) अंदाज आहे, त्यापुढे दुकानात, हॉटेलात आणि घरात जातं ते वेगळं. गरीब देशांत पहिला भाग मोठा.

आणि इथे मोठ्या सायलोपेक्षा (धान्याच्या उंच टाक्या) छोट्या गोष्टी जास्त कामाच्या. धान्य ओलं असताना पोत्यात भरलं की संपलं, बुरशी धरते. मीटर नसेल तर मिठाची युक्ती आहे: कोरडी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश धान्य, दोनतीन चमचे अगदी कोरडं मीठ, बूच लावून मिनिटभर हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात अजून १५ टक्क्यांच्या वर ओल आहे, परत उन्हात घाला. न चिकटता खाली पडलं तर भरायला हरकत नाही. फुकटात होतं.

त्यानंतर हवाबंद पिशव्या. तीन थरांची पिशवी, आत दोन जाड प्लास्टिकच्या आणि बाहेर साधं विणलेलं पोतं. १९८० च्या दशकात कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हे सुरू झालं, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी. आत किडे असले तरी ते प्राणवायू संपवून स्वतःच मरतात, औषध लागत नाही. आणि शेतकऱ्याला काढणीच्या वेळी पडत्या भावात विकायची घाई राहत नाही, माल तारण ठेवून कर्ज घ्यायची सोय असेल तर अजूनच बरं.

बुरशीला हसण्यावारी नेऊ नका. २००४ ला केनियात बुरशी लागलेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, १२५ गेले. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे या बुरशीने सोडलेलं विष. ते शिजवून जात नाही, चवीतही कळत नाही.

नदी दोन-चार देशांतून वाहते, पाणी कोणाचं?

जगात माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं, त्यामुळे नदीचं भांडण हे शेवटी ताटाचं भांडण.

सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ ला संस्था काढली आणि पुढे धरणंच सामाईक मालकीची केली. कोणाच्या जमिनीवर आहे हे महत्त्वाचं नाही, मालक सगळे, खर्चही वाटून, वीजही वाटून. हे फार कमी ठिकाणी जमलंय. पण त्याचाही दुसरा चेहरा आहे, खाली समुद्राजवळ दियामाचं धरण बांधून खारं पाणी अडवलं, भात पिकायला लागला, पण पाणी साचून राहिलं, पाणगवत माजलं, गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामुळे होणारा बिल्हार्झिया हा जंतांचा आजार मुलांत पसरला. आधी पूर ओसरल्यावर ओलाव्यावर पीक घ्यायचे त्यांचं तर गेलंच. पिकाचे टन वाढले आणि मुलांची तब्येत खालावली, असं होऊ शकतं.

मेकाँगचं उलट. कंबोडिया, लाओस, थायलंड, व्हिएतनाम यांचा आयोग १९९५ पासून आहे, पण वरचा चीन त्यात सभासद नाही, नुसता चर्चेला येतो. कंबोडियाचं तोनले साप सरोवर दर पावसाळ्यात नदी उलटी आत वाहून फुगतं आणि त्यातली मासळी हे तिथल्या लोकांचं मुख्य प्रथिन. वर धरणं झाली की ही फुगवटी बिघडते. धरणाच्या कागदावर वीज आणि सिंचन लिहिलेलं असतं, मासळीचा रकाना नसतोच.

गुरं, टोळ, रोग यांचं काय?

टोळधाडीत एका चौरस किलोमीटरच्या थव्यात ८ कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि तेवढे एका दिवसात ३५ हजार माणसांइतकं खातात. २०२० ला केनियात ७० वर्षांतली सगळ्यात वाईट धाड आली. अंडी एका देशात, पिल्लं दुसऱ्यात, पीक तिसऱ्याचं. जिथे युद्ध चालू आहे तिथे फवारणी होत नाही आणि टोळ तिथेच वाढतात, येमेन आणि सोमालियात हेच झालं.

चांगली गोष्टही आहे. बुळकांडी, जिने कित्येक शतकं गुरांचे कळप संपवले, ती २०११ मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. एका देशाने लस टोचून ते झालंच नसतं, शेजारचा कळप पुन्हा घेऊन आला असता.

आणि गुरं चारायला सीमा ओलांडणं हा गुन्हा समजू नका. पश्चिम आफ्रिकेत १९९८ पासून कळपांना दाखला मिळतो, त्यावर गुरं किती, लशी कोणत्या, कुठल्या वाटेने जाणार. दाखला असूनही वाटेत पैसे मागतात ही तक्रार आहेच. पण पाऊस इकडे पडला तिकडे नाही अशा ठिकाणी फिरतं राहणं हीच शेती आहे, कुरण एका जागी धरून बसलं तर ते आणि गुरं दोन्ही जातात.

बियाणं शेजारच्या देशाचं चालतं का?

पीक चालतं, कागद चालत नाही. पलीकडच्या शेतात तीन वर्षं उत्तम आलेलं वाण अलीकडे परत पहिल्यापासून चाचण्या देत बसतं, माती तीच, पाऊस तोच. आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या देशांनी म्हणून ठरवलं की दोन सभासद देशांत मान्य झालेलं वाण प्रादेशिक यादीत जाईल आणि बाकीच्यांतही विकता येईल. साधं आहे, आणि कोणत्याही अनुदानापेक्षा स्वस्त.

मदतीचं जीएम (जनुकं बदललेलं) धान्य नाकारणं बरोबर होतं का?

२००२ ला झांबियात भूक असताना राष्ट्राध्यक्ष म्वानावासा यांनी अमेरिकेचा जीएम मका घ्यायला नकार दिला. शेजारच्या काही देशांनी मधला मार्ग काढला, दळून आणा म्हणजे कोणी पेरणार नाही. बरोबर की चूक यापेक्षा मला हे खटकतं की प्रदेशाने यावर आधी एकत्र काही ठरवलेलंच नव्हतं, ट्रक सीमेवर उभे राहिल्यावर वाद सुरू झाला.

धान्य वाटायचं की पैसे?

बाजार चालू असेल तर पैसे, बाजारच रिकामा असेल तर धान्य. धान्य द्यायचंच तर जमेल तेवढं जवळून घ्या. आणि २०२२ च्या जूनमध्ये जागतिक व्यापार संघटनेत ठरलंय की जागतिक अन्न कार्यक्रम मदतीसाठी जे धान्य विकत घेतो त्यावर निर्यातबंदी लावायची नाही. उशिरा सुचलं, पण सुचलं.

सीमा खुल्या ठेवल्या तर आपला शेतकरी मरणार नाही का?

ही भीती खोटी नाही. सुगीच्या वेळी पलीकडचा स्वस्त माल आला तर भाव पडतातच. पण रात्रीत बंदी, रात्रीत परवानगी याने शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण त्याने पेरलेलं असतं चार महिन्यांपूर्वीच्या नियमावर. ठरलेला हंगामी कर असेल, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, तर तो हिशेब करून पेरू शकतो. बंदी घातल्याने माल थांबतो असंही नाही, तो रात्री जातो आणि मधल्याच लोकांना पैसे देऊन जातो.

आमची छोटी संस्था आहे, सरकारं आणि करार आमच्या हातात नाहीत, आम्ही काय करू शकतो?

एक वही घाला. दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच बाजारात, तीनच गोष्टी लिहा: मुख्य धान्याचा किलोचा भाव, मजुराची दिवसाची मजुरी, आणि मध्यम आकाराच्या बकरीचा भाव. मग भागाकार करा, एका दिवसाच्या मजुरीत किती किलो येतं आणि एक बकरी विकून किती किलो येतं. मोठ्या यंत्रणा साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा) आणि सोमालियात हाच हिशेब बघतात, कारण संकट आलं की सगळे एकदम बकऱ्या विकायला काढतात, बकरी पडते आणि धान्य चढतं. गेल्या वर्षी याच महिन्यात एका बकरीत तीन पोती येत होती आणि आता दीड येतंय असं दिसलं तर पंचायतीला, दवाखान्याला आणि सीमेपलीकडे अशीच वही ठेवणारं कोणी असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा. पहिलं वर्ष वहीचा काही उपयोग वाटणार नाही, तुलनेला मागचा आकडाच नसतो, तरी लिहीत राहा.